इंडेक्स स्कॅन एकेक ब्लॉक का वाचतो? एसएसडी आल्यावरही?

लीफब्लॉक: ओरॅकल डेटाबेसमध्ये टेबलचा फुल स्कॅन (अख्खं टेबल वाचणं) एका फटक्यात अनेक ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे ठरावीक आकाराचे तुकडे, उचलतो. इंडेक्स रेंज स्कॅन (क्रमाने लावलेल्या सूचीचा एक पट्टा वाचणं) मात्र सहसा एक लीफ ब्लॉक, म्हणजे टेबलमधल्या ओळींचे पत्ते असलेला इंडेक्सचा सगळ्यात खालचा ब्लॉक, वाचणार, त्यात पुढच्याचा पत्ता बघणार, मग तो मागणार. एसएसडी एकाच वेळी कितीतरी मागण्या झेलते, आणि आपण तिला एकेक देतोय. शेजारचे ब्लॉक सोबतच उचला की!

जुनाडीबीए: शेजारचा ब्लॉक क्रमाने पुढचा असेलच असं कोण म्हणालं? लीफ भरला की त्याचे दोन होतात आणि नवा जिथे जागा मिळेल तिथे जातो. सोळा उचलशील, कामाचे दोन निघतील. आणि तुला हवी ती सोय आहेच: इंडेक्स फास्ट फुल स्कॅन. पण तो डिस्कवरच्या क्रमाने अख्खा इंडेक्स वाचतो, ओळी क्रमवार मिळत नाहीत. काउंटला (ओळी मोजायला) उत्तम, ऑर्डर बाय (ओळी क्रमाने हव्यात) असेल तर वर सॉर्टचा खर्च.

लीफब्लॉक: शेजार सोडा. लीफच्या वरच्या ब्रँच ब्लॉकमध्ये पुढच्या कितीतरी लीफचे पत्ते क्रमाने लिहिलेले असतात, आणि तो ब्लॉक आपण वाचलेलाच असतो. एसक्यूएल सर्व्हर त्यावरूनच रीड-अहेड, म्हणजे आगाऊ वाचन, करतो.

हीपवाला: भांडण चुकीच्या जागी चाललंय. 8 केबीच्या एका लीफमध्ये शेकडो नोंदी मावतात. दहा हजार ओळींसाठी लीफ लागतील काही डझन. क्लस्टरिंग फॅक्टर (टेबलमधल्या ओळींची मांडणी इंडेक्सच्या क्रमाशी किती जुळते) वाईट असेल तर टेबलचे ब्लॉक हजारोंनी. म्हणून तर पोस्टग्रेसचा बिटमॅप स्कॅन आधी इंडेक्समधून पत्ते गोळा करतो, मग टेबल ब्लॉकच्या क्रमाने वाचतो.

लीफब्लॉक: कव्हरिंग इंडेक्स, म्हणजे क्वेरीला हवे ते सगळे कॉलम इंडेक्समध्येच, असेल तर? टेबलला हात लावायचाच नाही, मग सगळा खर्च लीफचाच.

जुनाडीबीए: आणि क्वेरीत लिमिट 20, म्हणजे वीसच ओळी हव्यात, असेल तर? एका लीफमध्ये काम संपलं, तू आगाऊ आणलेल्या पन्नासांनी बफर कॅशमधून (वाचलेले ब्लॉक मेमरीत ठेवायच्या जागेतून) दुसऱ्यांचे ब्लॉक हुसकावले.

लीफब्लॉक: मग सुरुवातीलाच आणू नका. स्कॅन लांबतोय असं दिसलं की आणा. इनोडीबी (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) तेच करतो: 64 सलग पानांच्या (ब्लॉकच्या) गटातली, म्हणजे एक्स्टेंटमधली, 56 पानं ओळीने वाचली गेली की पुढचा एक्स्टेंट मागवतो.

जुनाडीबीए: तोही डिस्कवरचाच शेजार बघतो! प्रायमरी कीला (ओळीच्या मुख्य ओळखीला) रँडम यूयूआयडी (कसलाच क्रम नसलेला लांब क्रमांक) लाव, लीफ फुटून डिस्कवर विखुरतील, मग ती 56 पानं ओळीने कधी वाचली जातात ते सांग.