अंबर एल बिअरमधील लोण्याच्या वासाला किती गुण कापावेत?

कोथरूडकर:
काल पुण्यातील एका ब्रूपबमध्ये (स्वतःची बिअर तिथेच बनवणाऱ्या पबमध्ये) अंबर एल घेतली. रंग घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा, फेस दाट. पहिल्या घोटाला करपू लागलेल्या साखरेचा गोडवा आणि शेवटी संत्र्याच्या सालीचा कडवटपणा सुरेख जाणवला, परंतु ग्लास अर्धा होईपर्यंत लोण्यासारखा वास इतका वाढला की बाकी सारे त्याखाली दबून गेले. हा दोष मानावा का?

हॉप्सप्रेमी:
निश्चितच. हा डायअ‍ॅसिटिल या रसायनाचा वास आहे. आंबवण्याच्या ओघात ते तयार होते आणि पुरेसा वेळ मिळाला तर यीस्टच ते शोषून घेते. टाकी घाईने थंड केली की ते मागे राहते. बिअर गार असताना हा वास दबलेला असतो, म्हणूनच तो आपल्याला उशिरा आला.

नाशिककर:
बिअर परीक्षकांना प्रमाणित करणाऱ्या बीजेसीपी या संस्थेच्या गुणपत्रिकेत ५० पैकी चवीला २०, गंधाला १२, एकूण प्रभावाला १०, तोंडातील जाणिवेला ५ आणि रूपाला ३ गुण असतात. आपल्या वर्णनावरून मी रूपाला पूर्ण ३ देईन, मात्र गंधाला ५ आणि चवीला ९ यांपुढे जाणार नाही. तरीही ब्रूअरला (बिअर बनवणाऱ्याला) दोष देण्यापूर्वी दुसऱ्या नळाची बिअर चाखून पाहा, कारण अस्वच्छ नळीतील जिवाणूंमुळेही हाच वास येतो आणि सोबत किंचित आंबटपणाही असतो.

कोथरूडकर:
आंबटपणा मुळीच नव्हता. शनिवारी पुन्हा जाऊन दोन्ही नळांची बिअर चाखतो आणि गुण येथेच नोंदवतो.