आठ जुन्या हार्ड डिस्क आणि चार पोर्टचा बोर्ड: काय घेऊ?

नौपाडा_अक्षरजुळणी

नमस्कार. मी नौपाड्यात घरूनच डीटीपी करते, २००१ पासून. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, सोसायट्यांच्या स्मरणिका, आणि दरवर्षी एक दिवाळी अंक. सध्याचं मशीन २०१० सालचं आहे. जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर २ ड्युओ ई७५००, ४ जीबी रॅम. त्यावर विंडोज १० रेटत आणलं, पण छापखान्याला पाठवायची पीडीएफ उघडली की एकेक पान दिसायला मिनिट लागतं. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्टही संपला. म्हणून बोर्ड, प्रोसेसर, रॅम बदलायचं ठरवलंय. बजेट २० हजार.

अडचण डिस्कची आहे. जुन्या रुंद केबलच्या, म्हणजे आयडीईच्या दोन, ४० आणि ८० जीबी. नंतरच्या अरुंद केबलच्या, म्हणजे साटाच्या १६०, ३२०, ५००, मग १ टीबीच्या दोन आणि २ टीबीची एक. एक भरली की दुसरी घेत गेले आणि प्रत्येकीवर मार्करने सालं लिहिली. याशिवाय २४० जीबीची एसएसडी, तिच्यावर विंडोज. बोर्डाला साटाचे पोर्ट चार आणि आयडीईचा एक, त्यामुळे कॅबिनेटचं झाकण सात वर्षं उघडंच आहे. कुणी जुनं काम मागितलं की मशीन बंद करायचं, केबल बदलायची, पुन्हा चालू करायचं. आत्ताच एका शाळेने २००४ च्या वार्षिकातली पानं मागितली आहेत. ती ४० जीबीवाल्या डिस्कवर आहेत, पेजमेकरमध्ये. ही डिस्क एक्सपीवर चालू होते आणि मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं लॉक (डोंगल, ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) मागच्या पॅरलल पोर्टला लागतं.

स्टेशनजवळच्या दुकानदाराने एच६१० चा बोर्ड, आय३ आणि ८ जीबी रॅम सुचवली. पोर्ट चारच, आयडीई विसरा म्हणाला. भाचा म्हणतो सेकंडहँड बी४५० घे, त्याला सहा पोर्ट मिळतात. मला स्वस्तातला, पण जास्तीत जास्त डिस्क एकदम लागतील असा बोर्ड हवाय.

एक विनंती आहे. जुन्या डिस्क टाकून द्या, असं कृपया सांगू नका. दिवाळी अंकात लिहिणारे दोघं आता हयात नाहीत. त्यांची हस्तलिखितं वाचून मीच मजकूर टाइप केला होता. मूळ कागद त्यांच्या घरीही राहिलेले नाहीत, मी विचारून पाहिलं. तो मजकूर फक्त या डिस्कवर आहे.

खैरणे_केबलवाला

ताई, मी कोपरखैरण्यात सीसीटीव्ही आणि ऑफिसांच्या बॅकअपची कामं करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. सहा पोर्टच्या बोर्डामागे लागू नका. बजेटमधल्या नव्या बोर्डांवर चारच मिळतात, आणि ज्यांच्यावर सहा असतात त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर एम.२ ची, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी छोटी एसएसडी लावली की एकदोन पोर्ट बंद पडतात. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून एम.२ चं पान वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानदाराने सांगितलेला बोर्ड वाईट नाही. प्रोसेसर आय३-१२१०० घ्या, मागे एफ असलेला घेऊ नका. एफवाल्यात ग्राफिक्स नसतं, मग वेगळं कार्ड लागतं आणि मोठा स्लॉट त्यातच जातो. एफ नसला की तो सोळा लेनचा (लेन म्हणजे डेटा जायची वाट) स्लॉट मोकळा राहतो. तिथे सहा पोर्टचं साटा कार्ड बसवा. चिप एएसएम११६६ आहे का ते विचारून घ्या. पाच पोर्टचं हवं असेल तर जेएमबी५८५ वालं. दोन्ही तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या दोन लेनवर चालतात, म्हणजे हार्ड डिस्कसाठी भरपूर. जुनी डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच्या वर क्वचितच जाते. मात्र एका लेनच्या छोट्या स्लॉटात बसणारं आणि दहा-दहा पोर्ट दाखवणारं स्वस्त कार्ड घेऊ नका. त्यात एकाच पोर्टचे फाटे काढलेले असतात, आणि एक डिस्क अडकली की तिच्याबरोबरच्याही गायब होतात.

एच६१० मध्ये डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन प्रकार येतात. बोर्डाचं पूर्ण नाव पाहूनच रॅम घ्या. तुमची सध्याची रॅम दोन्हींत चालणार नाही.

नेरूळ_जुनापुराणा

भाच्याचं अगदीच चुकलेलं नाही. मी काही वर्षं सेकंडहँड बी४५० वर सहा डिस्क चालवतोय, रायझन ५६००जी घालून. त्यात जी हवाच, नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. एम.२ लावल्यावर माझेही शेवटचे दोन पोर्ट गेले, म्हणून विंडोज साध्या साटा एसएसडीवर ठेवलं. वॉरंटी नसते. पोटापाण्याच्या मशीनसाठी मी तुम्हाला हे सुचवणार नाही.

वागळे_दुरुस्ती

माझं म्हणणं वेगळं आहे. ताई, बोर्डाचं नंतर बघू, आधी बेरीज करा. ४०, ८०, १६०, ३२०, ५००. पाच डिस्क मिळून ११०० जीबी. एवढं सगळं २ टीबीच्या एका नव्या डिस्कवर मावतं आणि जागा उरते. मग नव्या मशीनला लावायच्या डिस्क किती? १ टीबीच्या दोन, जुनी २ टीबी आणि ही नवी. चार. विंडोज एम.२ वर. दुकानदाराचा चार पोर्टचा बोर्ड पुरतो, कार्डाचे पैसे वाचतात.

जुन्या डिस्क टाकू नका, पण त्यांच्यावर कामही करू नका. २००३ ची डिस्क आज फिरते आहे म्हणजे पुढच्या पावसाळ्यात फिरेल असं नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जो ओलावा असतो, त्याने महिनोन् महिने पडून राहिलेल्या डिस्क सुरूच होत नाहीत असं मी दुकानात पाहतो. प्रत बनवा, मूळ डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करा.

आणि ही कॉपी आत्ता, याच जुन्या मशीनवर करा. त्याच्यावर आयडीईचा पोर्ट आहे. बोर्ड काढलात की आयडीई यूएसबी अडॅप्टरने वाचावी लागेल. त्यात डिस्कमागच्या पिनांवरची छोटी टोपी, म्हणजे जम्पर, मास्टरवर नसला तर डिस्क दिसत नाही, साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, आणि स्वस्तातले मध्येच तुटतात. सध्या एका पोर्टला एसएसडी, एकाला नवी डिस्क, उरलेल्या दोनांना जुन्या दोन-दोन लावा. कॉपी टेराकॉपीने करा, व्हेरिफायची खूण लावून, म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून ताडून बघतं. पण कॉपीच्या आधी प्रत्येक डिस्कवर क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) चालवा. ०५ आणि सी५ या दोन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे भाग. सी५ म्हणजे वाचता न येणारे सेक्टर. तिथे शून्याशिवाय काहीही दिसलं तर त्या डिस्कला हात लावू नका, आधी इथे लिहा. सी७ वाढला असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा केबलचा दोष असतो.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तुम्ही हिशेबात धरलेलाच नाही. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर ओढते. आठ एकदम लावल्यात तर सोळा अँपिअर, म्हणजे १९२ वॅट फक्त डिस्कना. कॅबिनेटबरोबर मिळालेल्या एसएमपीएसवर ४५० लिहिलं आहे म्हणून तो तेवढे देतोच असं नाही, आणि तोही पंधरा वर्षांचा. नवा घ्या. जुन्या चार पिनी मोलेक्समधून साटाची वायर काढायची वेळ आलीच, तर प्लॅस्टिकमध्ये ओतलेल्या कनेक्टरची घेऊ नका. आत तारा एकमेकींना टेकून जळतात. अशी जळालेली दोन माझ्या टेबलावर आहेत.

नौपाडा_अक्षरजुळणी

दादा, बेरीज मी कधी केलीच नव्हती. प्रत्येक डिस्क म्हणजे माझ्या लेखी एकेक कपाट होतं. आज २ टीबीची डिस्क आणली आणि बसले.

४० जीबीवाली अर्ध्या तासात उतरली, एकही चूक नाही. ८० आणि ३२० सुद्धा नीट. ५०० ची अजून राहिली आहे. पण १६० वर सी५ समोर आकडा आहे, आणि टकटक असा आवाज येतो. तिच्यावर मार्करने २००६ ते २००८ लिहिलंय. त्या दोघांपैकी एकांचं शेवटचं लिखाण २००८ च्या अंकातलं आहे. मशीन बंद करून ठेवलंय. आता काय करू?

वागळे_दुरुस्ती

बंद केलंत ते बरोबर. विंडोजमधून आता एकही फोल्डर उघडू नका. विंडोज खराब जागा पुन:पुन्हा वाचायचा प्रयत्न करतं आणि डिस्क आणखी खचते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून डीडीरेस्क्यू वापरायचं. ते आधी चांगला भाग वेगाने उचलतं, खराब जागा सोडून पुढे जातं, आणि काय राहिलं ते नोंदवहीसारख्या फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येतं. संपूर्ण डिस्कची एक प्रतिमा नव्या डिस्कवर तयार होते. फाइल त्या प्रतिमेतून काढायच्या, जुन्या डिस्कला पुन्हा हात लावायचा नाही. तुम्ही स्वतः करू नका, कारण कमांडमध्ये कुठली डिस्क कुठे हे उलटं झालं तर नवी प्रत पुसली जाते. जवळच आहात, वागळे इस्टेटला घेऊन या. रिक्षात मांडीवर धरा, मागच्या सीटवर ठेवू नका.

खैरणे_केबलवाला

दादांचं बरोबर, कार्डाचं मी मागे घेतो. एकच जोडतो. नवीन मशीनवर विंडोज ११ टाकताना फक्त एम.२ जोडलेली ठेवा, बाकी सगळ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. नाहीतर विंडोज आपला बूटचा भाग दुसऱ्याच डिस्कवर टाकून मोकळं होतं. पुढे ती डिस्क काढली की मशीन चालूच होत नाही.

आणि एक्सपीचं काय करणार? नव्या बोर्डावर ती डिस्क चालू होणार नाही, पॅरलल लॉक तर नाहीच.

नौपाडा_अक्षरजुळणी

आठ दिवसांनी लिहितेय. १६० जीबीच्या डिस्कचं काम दादांकडे तीन रात्री चाललं. तीन फाइल सोडून सगळं मिळालं. त्या तिन्ही लग्नपत्रिका होत्या. २००८ चा अंक पूर्ण आला, चौऱ्याऐंशी पानं, त्यांच्या लेखासकट. काल त्यांच्या सुनेला प्रिंट नेऊन दिली.

बोर्ड एच६१० डीडीआर४ चा घेतला, आय३-१२१००, ८ जीबीच्या दोन रॅम, २५० जीबीची एम.२ आणि नवा एसएमपीएस. डिस्कसकट बजेट साडेसहा हजारांनी वाढलं. चारही पोर्ट भरले, आणि कॅबिनेटचं झाकण लावलं.

जुनं मशीन मोडलं नाही. त्यात फक्त ४० जीबीची डिस्क, एक्सपी आणि मागे लॉक. इंटरनेटची केबल काढून टाकली. दुपारी कामं कमी असतात तेव्हा रोज पाच-सहा जुनी कामं उघडून पीडीएफ करून ठेवते, म्हणजे अक्षरं पीडीएफमध्येच बसून जातात आणि पुढे ना फाँट लागणार ना लॉक. सध्या २००५ चा गणपती विशेषांक चालू आहे.

दादा, यूएसबीवर ठेवायची दुसरी प्रत घ्यायची आहे. ती मी बहिणीकडे ऐरोलीला ठेवेन. २ टीबीची पुरेल की ४ ची घेऊ?

वागळे_दुरुस्ती

४ ची घ्या. १ टीबीच्या दोन्ही डिस्कही २०१३ च्या आसपासच्या असतील, त्यांचीही वेळ आली.