मुलीसाठी जरा वेगळं, मॉडर्न नाव हवंय, ही कशी वाटतात?

नमस्कार मंडळी, मागच्या महिन्यात आम्हाला मुलगी झाली आणि अजून नाव ठरत नाहीये, सगळे छकुली छकुली करतायत आणि मला भीती की तेच चिकटणार. मला थोडं हटके हवंय, नवऱ्याचा हट्ट की दोनच अक्षरी हवं, आणि सासूबाई म्हणतात पत्रिकेतल्या अक्षरावरूनच ठेवा. तर ते अक्षर आलंय ण!!! (हस्त नक्षत्र, तिसरं चरण). सध्याची शॉर्टलिस्ट: मायरा, अद्विका, इरा, शर्वरी, मृण्मयी. प्लीज खरं खरं सांगा, नुसतं गोड आहे गोड आहे नको.

प्रतिसाद:
ण वरून शोधत बसलात तर मुलगी शाळेत जाईल तरी नाव सापडायचं नाही 😀 हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ आहेत ना, मग पू घ्या, पूर्वा ठेवा, सासूबाई पण खूश आणि दोन अक्षरी पण झालं.
बाकी मायराचा अर्थ नावांच्या साइटवर काहीही लिहिलेला असतो, पण ते मूळचं इंग्रजी नाव आहे, फल्क ग्रेव्हिल नावाच्या कवीने सोळाव्या शतकात कवितेसाठी घडवलं असं मानतात. आवडलं तर बिनधास्त ठेवा, फक्त संस्कृत आहे म्हणून ठेवू नका. अद्विका मला तरी कुठल्या संस्कृत कोशात मिळालं नाही. त्या साइटवाल्यांना अर्थ सुचला नाही की लिहितात "देवी दुर्गेचं एक नाव", झालं.

प्रतिसाद:
मृण्मयी नाव म्हणून सुंदरच, पण इंग्लिश स्पेलिंगचा विचार करा हो. माझ्या नावात ऋ आहे, मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पासपोर्टच्या वेळी ॲफिडेव्हिट करत फिरले. आणि फोनवर अमराठी माणूस "मुन्मई मॅडम बोल रही हैं?" म्हणणार ते वेगळंच. शर्वरी मस्त आहे, उगाच कोणीतरी म्हणेल अर्थ रात्र होतो म्हणून, तर निशा, रजनी, यामिनी म्हणजे पण रात्रच की, तेव्हा कुणी काही बोललं नाही.

प्रतिसाद:
हटकेच हवं तर ऋग्वेदातल्या ऋषिकांची बघा ना, लोपामुद्रा, अपाला, विश्ववारा. घोषा पण आहे पण वर्गातली पोरं तिला सोडणार नाहीत. गार्गी, मैत्रेयी आता कॉमन झाली.

प्रतिसाद:
अहो अपाला काय, बिचारीला जन्मभर अर्थ सांगत बसावं लागेल. इरा छानच आहे, वाणी असा एक अर्थ आहे, फक्त आजकाल प्रत्येक वर्गात एक तरी इरा असतेच. त्यापेक्षा कागदावर इरावती आणि घरी इरा. इरावती कर्वेंचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला, म्हणून तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलेलं. म्हणजे जुनं असून आज पण फ्रेश वाटतं. नदीचंच हवं आणि दोनच अक्षरी हवं तर रेवा, म्हणजे नर्मदा.
आणि एक करून बघा, जे ठरेल ते नाव आडनावासकट चिडून मोठ्याने हाक मारून बघा, पुढची कितीतरी वर्षं तेच करायचंय.

मूळ प्रश्न विचारणारी:
हाक मारून बघितली, अद्विका तिथेच बाद 😂 आता इरावती, रेवा आणि पूर्वा राहिलीत. नवरा रेवावर अडलाय. पण जन्मदाखल्याचं काय, नाव लगेच द्यावं लागतं का?

प्रतिसाद:
नाही हो. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती बहुतेक हॉस्पिटलनेच केली असेल, विचारून घ्या. नाव १२ महिन्यांच्या आत दिलं तर लेट फी नाही, त्यानंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत टाकता येतं. पण एकदा टाकलेलं बदलायचं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून आत्ताच काय ते घरात भांडून घ्या.