बुरशीच्या पीकेएसला (पॉलिकीटाइड बनवणाऱ्या एन्झाइमला) कुठे थांबायचं ते कळतं कसं?

तासगावचा_बेदाणा
एमएस्सी मायक्रो, सांगलीतच शिकतोय. सरांनी पॉलिकीटाइड, म्हणजे छोटे कार्बनचे तुकडे जोडून बनलेल्या साखळ्या, दोन तासात उरकलं आणि माझ्या डोक्यात लय गोंधळ झालाय. बॅक्टेरियाचं कळलं, एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला मॉड्यूल (डोमेनचे गट) एकामागे एक लायनीत, प्रत्येकाचं काम एकदाच. पण बुरशीत म्हणे डोमेनचा (एन्झाइमचे एकेका कामाचे भाग) एकच सेट, तोच परत परत वापरायचा, मग कितव्या फेरीला काय करायचं आणि कधी थांबायचं हे त्याला सांगतं कोण? आरएनएसारखा साचा तर नाहीच ना समोर?

हळदगल्ली
साचा नाहीच. गणपती मंदिराबाहेर गजरेवाली बघ, बोटं तीच, दोरा तोच, फूल ओवलं की गाठ, फूल ओवलं की गाठ, मरवा मात्र मधेच एकदा. इथं फूल म्हणजे मॅलोनिल-कोए, साखळीचा कच्चा माल, दर फेरीला त्यातला सीओटू उडतो आणि साखळी दोन कार्बननं वाढते. साखळी एसीपीच्या (साखळी धरून ठेवणारं डोमेन) लवचिक हातावर लटकलेली असते, तो हात तिला एकेका डोमेनपुढे नेतो.

आता लोवास्टॅटिन घे, कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, ॲस्परजिलस टेरियस बुरशीचं. एन्झाइमचं नाव लव्ह-बी (हसू नका). दोन कार्बनच्या ॲसिटेटवर आठ मॅलोनिल, म्हणजे १८ कार्बनची साखळी. मिथाइल (एका कार्बनचा गट) फक्त तिसऱ्या फेरीत लागतो, तोच आपला मरवा. का, तर प्रत्येक फेरीत मिथाइल लावणारं डोमेन आणि कीटोन रिड्यूस करणारं डोमेन यांची पळापळी असते, साखळी त्या एकाच लांबीची असताना मिथाइलवालं आधी पोचतं, बाकी वेळा दुसरं. मोजत कुणीच नाही, कुणाला कुठली लांबी आवडते एवढंच.

कृष्णाकाठ७७
वरच्यांनी लव्ह-सी सोडलं. ते वेगळं एन्झाइम आहे, बाहेरून येऊन तीनच फेऱ्यांत डबल बाँड रिड्यूस करतं. ते काढून टाकलं तर लव्ह-बी भरकटतं आणि आखूड, भलतेच पायरोन (वलयाचे रेणू) सोडतं. शेवटी साखळी तोडायला लव्ह-जी लागतं, अडकलेला चुकीचा मालही तेच काढतं म्हणतात.

आणि पोरा, तुझ्या नावातच बेदाणा आहे म्हणून सांगतो. आमच्या शेडवर एका वर्षी अवकाळीनं रॅकवरचा माल भिजला, दोन दिवसात घडांवर काळी पूड, हात लावला की बोटं काळी. ती काळी ॲस्परजिलस, तिच्यातल्या काही जाती ऑक्राटॉक्सिन हे विष करतात. तेही अर्धं पॉलिकीटाइडच, पुढं फिनाइलॲलनिन (एक अमिनो आम्ल) आणि एक क्लोरिन जोडलेला. शेंगदाण्यातलं अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विषही त्याच घराण्यातलं, फक्त तिथं सुरुवातच सहा कार्बनच्या तुकड्यानं होते, मग सात मॅलोनिल, आणि पीटी डोमेन ती २० कार्बनची साखळी नेमकी दुमडतं. १९६० ला इंग्लंडात लाखभर टर्की मेल्या त्या असल्याच शेंगपेंडीनं.

तासगावचा_बेदाणा
बाप रे, म्हणजे आमच्या अण्णांची कोलेस्टेरॉलची गोळी पण बुरशीचीच? ॲटोर्वास्टॅटिन घेतात.

हळदगल्ली
नाही, ॲटोर्वा पूर्ण केमिकल सिंथेसिसनं करतात. बुरशीची ती लोवास्टॅटिन, १९८७ ला अमेरिकेत परवानगी मिळालेली.

तासगावचा_बेदाणा
ओके. पेपरात मरवा लिहिला तर मार्क देतील का?

कृष्णाकाठ७७
मिथाइल लिही बाबा. आणि शेडवर ताडपत्री टाक, आभाळ आलंय.