व्हीएमच्या आत केव्हीएम चालत नाही

प्रश्न: उबुंटू होस्टवर (मूळ मशीनवर) केव्हीएम, म्हणजे व्हीएम (आभासी मशीन) चालवायची लिनक्स कर्नलमधली सोय; प्रोसेसर इंटेलचा. आतल्या डेबियन व्हीएममध्ये पुन्हा व्हीएम चालू करायला गेलं की '/डेव्ह/केव्हीएम' सापडत नाही असा एरर येतो. काय राहिलंय?

उत्तर १: आधी होस्टवर '/सिस/मॉड्यूल/केव्हीएम_इंटेल/पॅरामीटर्स/नेस्टेड' ही फाइल बघा. तिच्यात 'वाय' किंवा 1 हवं. म्हणजे व्हीएममध्ये व्हीएम चालवायची सोय (नेस्टेड) चालू आहे. कर्नल 4.20 पासून ती आपोआप चालू असते, त्यामुळे घोळ बहुधा सीपीयू मोडचा, म्हणजे व्हीएमला कसा प्रोसेसर दाखवायचा त्या सेटिंगचा असणार. 'व्हर्श एडिट'मध्ये (व्हीएमची सेटिंग्ज बदलायची कमांड) मोड 'होस्ट-पासथ्रू' (होस्टचा प्रोसेसर जसाच्या तसा दाखवणारा) करा आणि व्हीएम पूर्ण बंद करून मग चालू करा. नुसतं आतून रीबूट केलं तर व्हीएम चालवणारी जुनीच क्यूईएमयू प्रोसेस चालू राहते आणि बदल लागूच होत नाही. इथेच बरेच जण अडकतात. नंतर आत 'एलएससीपीयू' (प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड) चालवल्यावर फ्लॅग्जमध्ये 'व्हीएमएक्स' (इंटेलची व्हीएम चालवायची क्षमता) दिसायला हवं.

उत्तर २: त्या 'नेस्टेड' फाइलमध्ये 'एन' असेल तर होस्टवर 'मॉडप्रोब.डी'मध्ये (कर्नल मॉड्यूल्सच्या सेटिंग्जचा फोल्डर) 'ऑप्शन्स केव्हीएम_इंटेल नेस्टेड=1' लिहून केव्हीएम_इंटेल मॉड्यूल काढा, परत लोड करा. एक जरी व्हीएम चालू असली तरी ते निघत नाही.

उत्तर ३: पुढची अडचण नेटवर्कची. लिबव्हर्टचं (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर, 'व्हर्श' त्याचीच कमांड) डीफॉल्ट नेटवर्क होस्ट आणि आतली व्हीएम दोन्हीकडे 192.168.122.0/24 असेल तर टक्कर होते. आतलं बदलून 192.168.150.0/24 करा.