गेटवरचं ॲप आणि मावशींचे खाडे

बाल्कनीतली तुळस
बाणेरला आमच्या सोसायटीच्या गेटवर सहा महिन्यांपूर्वी ॲप आलं. कुरिअरवाले, पाहुणे, दूधवाले, सगळ्यांची नोंद त्यात होते. कामाला येणाऱ्या मावशींची हजेरीही लागते. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. आता कमिटीने ग्रुपवर टाकलंय की ॲपमधली वेळ बघून सगळ्यांनी एकसारखा पगार कापावा. महिन्यात तीनदा पंधरा मिनिटांच्या वर उशीर झाला की एक खाडा. रविवारी मीटिंग आहे आणि मी विरोधात बोलणार आहे.

परवा मुलाला स्कूलबसला सोडायला खाली गेले होते. आमच्या मावशी ७:०५ ला गेटवर होत्या, पुढे आणखी चौघी. अंगठ्याचं मशीन आहे, पण इतकी वर्षं भांडी घासून अंगठ्याच्या रेषा राहिल्यात कुठे? तीनदा लाल दिवा लागला. पदराला अंगठा पुसून चौथ्यांदा, परत लाल. मग सहा आकडी कोड, मग पिशवी उघडून दाखवणं. ॲपमध्ये वेळ पडली ७:१९. त्यानंतर सर्व्हिस लिफ्टची रांग, आणि आमचा मजला अकरावा. या चौदा मिनिटांचे पैसे कोणी कोणाचे कापायचे?

माजी सेक्रेटरी
ताई, मशीन बिघडलंय तर मशीन बदला. ॲपवर कशाला राग?

मी ३२० फ्लॅटच्या सोसायटीत चार वर्षं सेक्रेटरी होतो. तुम्हाला ते जुनं रजिस्टर आठवतंय का? सुतळीने बांधलेलं पेन. 'कोणाकडे: ३०४. काम: काम.' एकाच पानावर तीन माणसं आणि तिघांचा मोबाईल नंबर एक! पार्किंगमधून सायकली गेल्या तेव्हा पोलिसांनी रजिस्टर मागितलं, तर नेमक्या त्या आठवड्याची पानं पावसात भिजलेली.

आणि दुसरी बाजूही ऐका. एका घरात कानातलं हरवलं, संशय अर्थातच कामवालीवर. ॲपमध्ये ती १०:४० ला बाहेर पडलेली, आणि बाईसाहेबांच्याच दुपारच्या फोटोत कानातलं कानात. पुढे ते सोफ्याच्या फटीत सापडलं. ॲप नसतं तर त्या बाईचं काम गेलं असतं. राहिला पगार. हजेरी सगळ्यांचीच लागते. मी बँकेत होतो, माझीही लागायची.

पर्वती पायथा
काका, बँकेत तुम्हाला हजेरीबरोबर किरकोळ रजा होती, आजारपणाची रजा होती, पीएफ होता. त्यातली फक्त हजेरी उचलून आमच्या आईला लावायची?

माझी आई पाच घरची कामं करते. केर-फरशी, कपडे-भांडी. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता तो याच गोष्टींसाठी, पगारवाढ आणि हक्काची रजा. २००८ ला राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. आईच्या पाच घरांपैकी किती जणांना तो माहीत आहे, विचारून बघा. ॲप मात्र पाचही जणांच्या फोनमध्ये आहे.

कानातल्याची गोष्ट खरी असेल. पण त्यात ॲपने चोर पकडला नाही, तुमचा संशय खोटा पाडला. संशय आधी होताच ना?

हिंजवडी अप-डाऊन
मी विरोधात जाते, राग मानू नका. मावशी गेटमधून आत आल्या की माझ्या फोनवर टिंग होतं. तेवढ्यावर मी ठरवते की कुकर लावून निघायचं की ऑफिसला उशीर होतोय म्हणून कळवायचं. पूर्वी साडेआठपर्यंत दाराकडे कान लावून बसायचे, फोन केला तर बंद. मलाही ऑफिसात कार्ड स्वाइप करावं लागतं. मला कोण सूट देतं?

पर्वती पायथा
ताई, टिंग होऊ द्या की. भांडण टिंगचं नाहीच, कापायचं आहे. घरून काम करताना तुमच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा झाला म्हणून तासाचे पैसे गेले, तर चालेल?

हिंजवडी अप-डाऊन
नाही चालणार. पण न सांगता तीन दिवस गायब होणं मलाही चालत नाही. त्यावर कोणी बोलतच नाही.

सदाशिव पेठेतला
आमच्याकडे वाड्याला गेटच उरलेलं नाही, त्यामुळे ॲपचा प्रश्न मिटला. (बिल्डर येईल तेव्हा बघू.)

खाड्यांचं सांगतो. आमची आई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फुली मारायची. महिनाअखेरीला भांडण ठरलेलं. 'बारा तारखेला मी आले होते, तुमचंच दार बंद होतं.' मग दोघी कॅलेंडरपुढे उभ्या राहून हिशोब करायच्या. आई चार म्हणायची, बाई दोन म्हणायच्या, तीनवर मिटायचं. पण कॅलेंडर भिंतीवर होतं, बाईंनाही दिसायचं. तुमच्या ॲपमधली नोंद मावशींना दिसते का? माझ्या मते सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. घासाघीस दोघींना करता यायची, आता एकीच्या हातात आकडा आणि दुसरीच्या हातात फडकं.

माजी सेक्रेटरी
मावशींना मेसेज जातो.

पर्वती पायथा
कोड जातो. वेळ जात नाही. आईचा फोन साधा, बटणांचा आहे.

नियमावर बोट
मीटिंगमध्ये बोलणारच असाल तर एक मुद्दा घेऊन जा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख असा आहे की माहिती ज्या कारणासाठी संमती घेऊन घेतली, त्याच कारणासाठी वापरायची. मावशींचा फोटो आणि अंगठा सुरक्षेसाठी म्हणून घेतलाय. पगारासाठी त्यांना कोणी विचारलं होतं?

माजी सेक्रेटरी
कायदा दाखवून सोसायट्या चालत नाहीत हो. तरी कापण्याचा नियम कमिटीने करू नये, हे मान्य. ज्याने त्याने आपल्या घरी बघावं. गेटवरची नोंद मात्र हवीच.

बाल्कनीतली तुळस
मीटिंग झाली. प्रस्ताव मागे घेतला नाही, 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून ठेवलाय. मशीनवाल्याला बोलावलंय.

मीटिंगहून आल्यावर मी मावशींना शेजारी बसवून ॲपमधला त्यांचा महिना दाखवला. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "पाडव्याला तुमच्याकडे पाहुणे होते, दुपारी परत बोलावलंत, ते लिहिलंय का यात?"

बघितलं. लिहिलं होतं. ३ तास १८ मिनिटं.