मुलं मथळा, सूची ओळखतात, पण वापरत नाहीत. काय करावं?

कारेलीबाग
बडोद्यात शनिवारी भरणाऱ्या मराठी वाचनवर्गासाठी विचारते आहे. तिसरी-चौथीची मुलं, काही गुजराती माध्यमातली, काही इंग्रजी. माहितीपर पुस्तकातले मथळे, चित्राखालच्या ओळी, ठळक शब्द, नकाशा, शेवटची अक्षरक्रमानं दिलेली सूची सगळं दाखवून झालं. बोट ठेवून विचारलं की नाव बरोबर सांगतात. पण ‘मगर अंडी कुठे घालते ते शोधा’ म्हटलं की पहिल्या पानापासून वाचत सुटतात, नाहीतर चित्र पाहून अंदाज ठोकतात. पुस्तकं मोजकी आहेत, बाकी झेरॉक्सवर भागवते.

रावपुरा
ताई, नावं विचारणं आधी बंद करा. ‘ठळक शब्द शोधा आणि गोल करा’ या खेळात मूल पान वाचतच नाही, नुसती शिकार करतं. त्याऐवजी असे प्रश्न द्या की उत्तर पानावर एकाच जागी सापडेल.

विश्वामित्री नदीतल्या मगरींवर एक पान स्वतः तयार करा. अंडी घालायला मगर काठावर खड्डा खणते, हे फक्त ‘घरटे’ या उपमथळ्याखाली. उन्हात जबडा उघडून पडलेली मगर अंग थंड ठेवते आहे, हे फक्त चित्राखालच्या ओळीत. डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, हे आकृतीतल्या बाणांवर. मगरीचं तोंड रुंद आणि सुसरीचं लांब-निमुळतं, हे तक्त्यात. नदी पावागडाकडून येते, हे नकाशात. मजकुरात यातलं काहीही परत लिहायचं नाही. बहुतेक पुस्तकं इथेच फसतात, चित्राखाली आहे तेच परिच्छेदातही असतं, मग मुलानं चित्राखाली का पाहावं?

पहिल्या फेरीत प्रश्नातला शब्द मथळ्यात असू दे. दुसऱ्या फेरीत तो बदला: ‘पिल्लं बाहेर पडतात ती जागा कोणती?’ आता ‘घरटे’ उघडायचं हे मुलाला स्वतः ठरवावं लागतं. उत्तराआधी एवढंच विचारा, ‘कुठे बघशील?’ खरा धडा त्या एका प्रश्नात आहे.

दांडिया बाजार
रावपुरांशी सहमत, पण सूचीचं दुखणं वेगळं आहे. ती न वापरण्याचं कारण बहुतेकदा वर्णक्रम. मुलांना क ख ग घ सुरुवातीपासून घोकून येतं, मधूनच येत नाही. ‘न आधी की ध?’ विचारा, क पासून सुरू करतील. गुजरातीतही क्रम जवळजवळ हाच असल्यानं त्या माध्यमातली मुलं लवकर पकडतात. इंग्रजीवाल्यांना वेळ लागतो.

क, च, ट, त, प या पाच ओळी आणि खाली य र ल व श ष स ह ळ, अशी पट्टी प्रत्येकापुढे ठेवा. आधी ओळ कोणती ते सांगायचं, मग अक्षर. त्यानंतर चिठ्ठ्या लावायला द्या: कोल्हा, क्रौंच, कमळ, किनारा, कासव. बरोबर क्रम कमळ, कासव, किनारा, कोल्हा, क्रौंच. जोडाक्षर बाराखडी संपल्यावर येतं, आणि जवळजवळ प्रत्येक मूल क्रौंच मध्येच कुठेतरी घुसवतं. अनुस्वार आणि क्ष-ज्ञ यांची जागा पुस्तकागणिक बदलते, तेव्हा सुरुवातीला ते शब्द टाळलेले बरे.

अनुक्रमणिका पानांच्या क्रमानं आणि सूची अक्षरांच्या क्रमानं, हे सांगून कळत नाही. एकच प्रश्न दोघांना द्या, एकानं पुढून शोधायचं, एकानं मागून. ‘मगरीचे दात’ हा वेगळा धडा नसेल तर मागचा जिंकतो.

आणि झेरॉक्स! गडद काढली की ठळक आणि साधी अक्षरं सारखीच दिसतात, नकाशातल्या रंगांची खूण तर पार जाते. रंगांऐवजी तिरप्या रेघा आणि ठिपके वापरा, ठळक शब्दांखाली रेघ मारा.

फतेगंज
मी थोडा वेगळा. वापरायला शिकवण्याचा सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे करायला लावणं. एका ए-४ कागदाची आठ पानी पुस्तिका होते: तीनदा घडी घालून आठ चौकोन पाडा, कागद आखूड बाजूनं दुमडून, दुमडलेल्या कडेपासून मधल्या घडीवर एका चौकोनाएवढी काप द्या (उलगडल्यावर ती दोन चौकोनांएवढी होते), उलगडून लांब बाजूनं दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला. पान साधारण ७.४ बाय १०.५ सेंटीमीटरचं, मुलांच्या अक्षरात चारएक ओळी बसतात. १ मुखपृष्ठ, २ अनुक्रमणिका, ३ ते ६ मजकूर, ७ शब्दार्थ, ८ सूची.

घडी आणि काप आधी, पेन्सिलीनं पानांचे आकडे आधी, मगच लिखाण. सपाट कागदावर लिहिलं की वरची चार पानं उलटी येतात. पान २ आणि ८ शेवटी भरायची, नाहीतर मजकूर पुढे सरकला की सगळे आकडे खोटे ठरतात.

चित्राखालच्या ओळीला एकच नियम: चित्रात दिसतं ते लिहायचं नाही. सयाजीबागेतल्या संग्रहालयातल्या देवमाशाच्या सांगाड्याखाली ‘हा मोठा सांगाडा आहे’ चालणार नाही. ‘हा निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे’ चालेल.

कारेलीबाग
आभार. पुस्तिकेत कालरेषा घ्यायची का? सयाजीराव महाराजांवर करायचा विचार आहे.

फतेगंज
त्या पुस्तिकेत बसणार नाही, वेगळ्या कागदावर घ्या. मुलं प्रत्येक घटनेला सारखंच अंतर देतात, म्हणून माप आधी: एका वर्षाला २ मिलिमीटर. १८६३ जन्म, १८७५ गादीवर, १८७९ सयाजीबाग, १८९० लक्ष्मीविलास राजवाडा पूर्ण, १८९४ संग्रहालय, १९०६ सर्व राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण, १९३९ निधन. एकूण रेषा १५.२ सेंटीमीटर, आडव्या पानावर बसते. १८७५ आणि १८७९ मध्ये जेमतेम ८ मिलिमीटर उरतात, तेव्हा नावं एक वर, एक खाली लिहा.

दांडिया बाजार
शेवटची ३३ वर्षं रिकामी दिसतील, ६.६ सेंटीमीटर. मुलं तिथे हमखास थांबून ‘मग काय झालं?’ विचारतात. उत्तर देऊ नका, पुस्तकाच्या सूचीत शोधायला लावा.